टाकीच्या झाकणातला गूळ

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. झाशीतल्या आमच्या घरात ते कुणापासून लपलेलं नाही. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. कानपूरला मावशीचं हृदयाचं ऑपरेशन अकरा वाजता होतं. तिनं आईला फोनवर म्हटलं होतं, "ताई, आत नेण्याआधी एकदा तुझं तोंड दिसू दे गं." म्हणून आम्ही दोघं सकाळी लवकरच निघालो.

वाटेत मोठ गावाच्या अलीकडे पेट्रोलचा दिवा लागला. पंपावर गाडी घेतली, सीटखालचा खटका ओढला. टक् वाजलं, पण टाकीचं झाकण हलेना. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. पंपावरचा माणूस म्हणाला, "भैया, तार टूट गई होगी." अरे, तार तुटली असती तर टक् कसं वाजलं असतं? उतरून झाकणावर दोन बुक्क्या हाणल्या. किल्लीनं उचकटायला गेलो तर रंगच निघाला. आई आतून सारखी विचारत होती, "झालं का रे?"

शेवटी त्या माणसानंच फटीत नख घातलं आणि वास घेऊन पाहिला. "भैया, ये तो गुड़ है."

कपाळ माझं! आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. पूर्वज तलवारी घेऊन इकडे आले. तलवारी कधीच गेल्या, आता विळी, कात्री आणि गाडी पुजतो. आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि नैवेद्य म्हणून त्या फटीत गूळ दाबून भरला. म्हणे, गाडी तिथूनच तर खाते. उन्हात तो वितळून आत उतरला आणि मग दगडासारखा घट्ट झाला.

माझं डोकं सटकलं. चारचौघांत तिच्यावर ओरडलो, "तुझ्या या खुळापायी मावशी वाट बघत बसलीय तिकडे!" आई खाली उतरली. शेजारच्या टपरीवरून तिनं गरम पाणी आणलं, पदर भिजवून फट पुसत राहिली. मी आतून खटका ओढून धरला होता. बऱ्याच वेळानं झाकण उघडलं.

कानपूरला पोचलो तेव्हा मावशीला आत नेऊन पंधरा मिनिटं झाली होती. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मावशी गेली.

मावसबहीण रडत म्हणाली, "आई सारखी दाराकडे बघत होती." आईनं तिला जवळ घेतलं. "माझंच चुकलं गं. माझ्या गुळानं उशीर केला."

मी शेजारीच उभा होतो. आदल्या संध्याकाळी झाशीतच प्रेम नगरच्या पंपावरून जाताना आई म्हणाली होती, "आत्ताच टाकी भरून घे रे, सकाळी घाई होईल." तेव्हा थांबलो असतो, तर झाकण तिथंच अडलं असतं आणि ते उघडायला अख्खी रात्र हाताशी होती. पण मी तिला म्हटलं होतं, "तू गप्प बस, मला कळतं." हे तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आई अजूनही आल्यागेल्याला गुळाचंच सांगते, आणि मी बाजूला बसून ऐकून घेतो.