सत्तरीची ठरवलेली माझी आई

माझ्या आईचं वय एका डॉक्टरने नुसत्या नजरेने ठरवलं, त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. वेठबिगार गेली, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मी पोशेरा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, सातवीची फायनल पास होऊन जव्हारला नुकताच प्राथमिक शिक्षक झालो होतो. सुट्टीत घरी गेलो तर तव्यावर टाकायची भाकरी आई चुलीच्या कडेला टाकत होती. पीठ चाळताना अर्धं खाली. मी तिच्या तोंडासमोर हात हलवला, तिने पापणीही हलवली नाही.

"आये, दिसत नाय?"

"धूर हाय रं घरात," ती म्हणाली. चूल तर विझली होती.

मी तिला जव्हारच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर देशावरचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी आईकडे एकदा पाहिलं. पांढरे केस, बसलेली गालफडं, वाकलेली पाठ.

"आजी, वय काय?"

"माना काय ठावं," आई म्हणाली.

"सत्तरीच्या घरात असतील," डॉक्टर मलाच म्हणाले. "मोतीबिंदू आहे. म्हाताऱ्या माणसाला होतोच. आता या वयात कशाला त्रास देता? घरी न्या, नातवंडांत बसू द्या."

"ही माझी आजी नाही. आई आहे," मी म्हणालो. "माझ्या धाकट्या बहिणीचे दुधाचे दात आत्ता पडताहेत. सत्तरीला पोहोचलेल्या बाईला एवढं लहान मूल कसं असेल, डॉक्टर?"

मग कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. आमच्या गावची अर्धी जमीन जिच्या नवऱ्याची, ती शेठाणी तिथे खुर्चीवर बसली होती. आई तिच्याच शेतात लावणीला जायची. आई त्या वेळी भिंतीशी जमिनीवर बसलेली होती.

"सत्तर कसली! आम्ही बरोबरीच्या," शेठाणी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा हीही पोशेऱ्यात नवीच नांदायला आलेली. पण या लोकांचं अंगच असं हो. लवकर सुकतं."

शेठाणीच्या वेणीत एकही पांढरा केस नव्हता.

मला ती खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. अंगच असं? तेच अंग आषाढभर तिच्या चिखलात वाकलं होतं. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजताना त्याच डोळ्यांनी धूर खाल्ला होता. डोंगर चढून लाकडाच्या मोळ्या आणल्या होत्या, पोटात एक पोर आणि पाठीला दुसरं असताना. पुढे शिक्षकांच्या परीक्षेसाठी मी शरीरशास्त्राचं पुस्तक वाचलं. हाडं झिजतात, डोळ्याच्या भिंगावर साय धरते, कातडीतला ताण जातो. वार्धक्य हा निसर्गाचा नियम, असं त्यात छापलं होतं. मी ते पान रागाने चुरगळलं. निसर्गाने शेठाणीला वीस वर्षं उधार दिली होती काय? कुणाच्या अंगातून काढून दिली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर मात्र उठले. त्यांनी आईला उजेडात नेलं, पापण्या उघडून नीट तपासलं आणि म्हणाले, "नाशिकला न्या. ऑपरेशन होईल." माफी त्यांनी मागितली नाही.

नाशिकला तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणं निजवून ठेवत. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती दिवसाउजेडी निजली होती. "कुणी बघितलं तर काय म्हणल?" असं ती मला कुजबुजून विचारायची.

जाड भिंगांचा चष्मा मिळाला त्या दिवशी तिने वॉर्डातल्या आरशात पाहिलं. कितीतरी वेळ ती तिथून हलेना.

"ही तर माझी सासू," ती म्हणाली. "मरताना अशीच दिसं."

एसटीत मोखाड्यापर्यंत तिने तोंड खिडकीकडे केलं होतं. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. दात आवळून बसली होती.

पाऊस सुरू झाल्यावर शेठाणीचा निरोप आला: नजर आली ना, आता लावणीला ये. आई निरोप्याबरोबर उलट निरोप न पाठवता स्वतः शेठाणीच्या ओट्यापाशी गेली. मीही मागोमाग गेलो.

"नजर आली, पन कंबर नाय आली," आई म्हणाली. "माझी कंबर तुझ्या शेतात ऱ्हायली. आता तूच वाक."

घरी आल्यावर बाबा घाबरून आईवर ओरडले. ती सुपातली नागली पाखडत राहिली. त्या पावसाळ्यात ती कुणाच्याही शेतात गेली नाही. आमची वरई मात्र तिने एका डोळ्याने खुरपली, गाणं म्हणत.

पन्नाशी तिने पाहिली नाही. खोकल्याने गेली. जव्हारहून माझे सहशिक्षक भेटायला आले. त्यांतले वयाने मोठे असलेले गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पिकलं पान होतं, गळायचंच."

मी त्यांना ओट्यावरून खाली उतरायला सांगितलं. ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही बोलायला गेलो नाही.