पन्हा करा

आमच्या बंगळुरूत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एक संमेलन भरतं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचं पोट उघडून कुणालाही आत बघता येतं, हवं ते बदलता येतं आणि बदललेलं शेजाऱ्याला देताही येतं. ते करणारी माणसं गावोगाव विखुरलेली असतात. वर्षभर ती एकमेकांशी लिहून भांडतात आणि संमेलनात समोरासमोर भांडतात. मी एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी या मंडळींत असते, कारण इथे माझ्या लिहिण्यात निदान कुणीतरी चुका काढतं. ऑफिसात ते कुणी वाचतच नाही.

बरीच वर्षं माझ्याकडे दारात बसून लोकांना गळ्यात घालायची कार्डं द्यायचं काम होतं. त्यात मी सुखी होते. मग एका वर्षी आमचे मुख्य आयोजक माझ्याकडे आले. ते वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना अण्णा म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि ते मला अक्का म्हणतात.

"अक्का, या वेळी भाषणं कमी करायची," ते म्हणाले. "लोकांनी एकत्र बसून काम करायचं. गटागटानं. ती सत्रं तुम्ही बघा. स्वल्प काम आहे."

बंगळुरूत ज्याला कुणी 'स्वल्प' म्हणतं ते कधीच थोडं नसतं. 'स्वल्प पुढे' म्हणून ऑटोवाला सोडतो तिथून पुढे दोन चौक चालावं लागतं. माझा जन्म चामराजपेटेतला, मला हे कळायला हवं होतं. तरी मी "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून बसले.

संमेलन शिवाजीनगरच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. मी चार गटांना चार वर्ग ठरवले. एक गट मराठी भाषांतराचा, एक कन्नड भाषांतराचा, आणि दोन गट असे की ते दिवसभर काय करत होते ते मला आजही नीट सांगता येणार नाही. शाळांतल्या मुलांसाठी लिहिण्याचा एक साधा प्रोग्राम आहे, त्याची बटणं, सूचना सगळं आमच्या भाषांत आणायचं, हे पहिल्या दोन गटांचं काम. मी प्रत्येक दारावर त्या-त्या भाषेत पाट्या लावल्या, वळणदार अक्षरात. आदल्या दिवशी संध्याकाळी लांब उभी राहून त्या पाट्यांकडे बघितलंसुद्धा.

सकाळी येऊन बघते तर पाट्या गायब आणि वर्गात मुलं पेपर लिहितायत. कॉलेजनं ऐनवेळी परीक्षा ठेवली होती. शिपाई म्हणाला, "मॅडम, वर ड्रॉइंग हॉल आहे. मोठा आहे. तोच घ्या." मी धावत वर गेले. हॉल खरंच मोठा होता, उजेडही छान. फक्त तिथली सगळी टेबलं नकाशे काढायची होती, म्हणजे उतरती. घसरगुंडीसारखी. आणि जमिनीत पक्की बसवलेली.

पहिला लॅपटॉप एका उत्साही माणसानं ठेवला आणि तो पोहायला उतरावं तसा सरळ खाली निघाला. त्यानं पोटानं अडवला. दुसऱ्यानं मागे पुस्तक लावून बघितलं. लॅपटॉप पुस्तकासकट निघाला. तिसरा म्हणाला, "गुडघ्यानं आधार देऊन टाईप करता येतं," आणि एका पायावर उभा राहून दाखवू लागला. बाकीचे हे सगळं दारातून बघून बाहेर व्हरांड्यात चहाकडे परत गेले.

मी अण्णांना फोन केला. ते खाली स्टेजवर माईक लावत होते. "अक्का, तुम्हीच बघा," एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

मग मी दोन गोष्टी केल्या. वसतिगृहातून सतरंज्या मागवल्या आणि टेबलांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत अंथरल्या, पंगतीसारख्या. आणि चहाचा थर्मास उचलून आत आणला. गेल्या कित्येक संमेलनांत मी एकच गोष्ट शिकले होते: ही माणसं ज्ञानाच्या मागे येतील न येतील, चहाच्या मागे नक्की येतात. पाच मिनिटांत हॉल भरला. आपापल्या वर्गात दार लावून बसणार होते ते चारही गट आता पाठीला पाठ लावून, मांडी घालून बसले होते. ज्यांच्या मांड्यांना सवय नव्हती ते दर थोड्या वेळानं पाय बदलत होते आणि शेजाऱ्याला लाथ मारून सॉरी म्हणत होते.

मराठी गटात माझ्याखेरीज दोघेच आले होते. एक निपाणीचे निवृत्त शिक्षक. ते आता के. आर. पुरमला मुलाकडे राहतात. त्यांना आम्ही गुरुजी म्हणू लागलो. दुसरा पुण्याहून नोकरीसाठी आलेला इंजिनिअर. माझं बोलणं ऐकून तो पहिल्यांदा म्हणाला, "तुमचं मराठी काय गोड आहे हो!" पुण्याचा माणूस तुमच्या मराठीला गोड म्हणाला की काय समजायचं ते मला माहीत आहे. मी त्याला चहा दिला नाही. त्याचा त्यानं घेतला.

पहिलंच बटण होतं फाईल ठेवून द्यायचं. पुणेकरानं लिहिलं, 'जतन करा'.

"जतन?" गुरुजी म्हणाले. "जतन म्हणजे जिवापाड सांभाळणं. मुलानं निबंध अर्धा लिहून ठेवला, त्यात कसलं आलंय जतन? 'साठवा' लिहा."

"काका, साठवतात ते धान्य. आणि लोणचं."

"लोणचं मुरतं. निबंधही मुरतो. मी चौतीस वर्षं निबंध तपासलेत."

"अहो, पण सगळीकडे 'जतन'च वापरतात."

"सगळीकडे म्हणजे पुण्यात?"

तास गेला. मध्येच दोघे माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही घरी काय म्हणता?" मी खरं ते सांगितलं. आम्हाला बंगळुरूत येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. घरी मराठीच, पण बाजूला कन्नड, वर इंग्रजी. आम्ही 'सेव्ह माड' म्हणतो, म्हणजे 'सेव्ह कर'. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की निदान या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

तो शब्द तसाच ठेवून पुढे जाऊ या असं मी म्हटलं. पुणेकरानं पुढची काही बटणं भराभर भरली आणि ती कशी दिसतात ते बघायला प्रोग्राम चालू केला. गुरुजींनी चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि ताठ झाले.

"हे काय? 'पन्हा करा'?"

आम्ही बघितलं. मागे घेतलेलं परत करायचं जे बटण असतं, त्याच्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: पन्हा करा.

"मी 'पुन्हा' लिहिलंय," पुणेकर म्हणाला.

"दिसतंय मला. शुद्धलेखनाच्या नावानं..."

"काका, शपथ, मी 'पुन्हा' लिहिलंय! मला ऱ्हस्व उकार येत नाही असं वाटतं तुम्हाला?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. अपमान सहन होईल, पण ऱ्हस्व-दीर्घाचा आळ सहन होणार नाही, असा तो माणूस होता. इथे मला तो पहिल्यांदा आवडला. मी मूळची फाईल उघडून बघितली. तिथे 'पुन्हा'च होतं. आणि पडद्यावर पन्हंच. आम्ही बटणं खालीवर केली. 'पुढे'चं 'पढे' झालेलं, 'पुसा'चा 'पसा'. खाली लोंबणारे सगळे उकार कुणीतरी कात्रीनं कापल्यासारखे नाहीसे झाले होते.

तेवढ्यात माझ्या पाठीला टेकलेली पाठ वळली. कन्नड गटातली एक मुलगी होती, कुठल्याशा कंपनीत काम करणारी, सकाळपासून गप्प बसून भराभर लिहिणारी. ती कन्नडात म्हणाली, "अक्का, तुमचेही पाय कापलेत का? आमचे सगळे कापलेत. इथे बघा."

कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लिहितात. 'पुन्हा'ला 'मत्ते' म्हणतात. तिच्या बटणावर खालचा 'त' गेला होता आणि 'मते' उरलं होतं. ती आणि तिचे दोन साथीदार सकाळपासून समजत होते की त्यांचा लॅपटॉप बिघडलाय. वेगळ्या वर्गात असते तर संध्याकाळपर्यंत तेच समजत राहिले असते, आणि आमच्या वर्गात शुद्धलेखनावरून मारामारी झाली असती.

मग आमचे दोन गट एक झाले. पुणेकर आणि ती मुलगी हिंदीत बोलू लागले, गुरुजी तिच्याशी फर्ड्या कन्नडात आणि त्याच्याशी मराठीत. कारण लवकरच सापडलं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरं मोजून बेतलेली होती. माझ्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. शिवणीच्या आत जे थोडं जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मी म्हटलं, "या बटणाला माया नाही." पुणेकर हसला, पण या वेळी 'गोड' म्हणाला नाही. त्यानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्यानं उंची वाढवली. पहिल्या खेपेला इतकी, की बटणं पावाच्या लाद्यांसारखी फुगली आणि लिहायला जागाच उरली नाही. मग त्या मुलीनं थोडी कमी केली. आता किती पुरे, हे ठरवायला वर आणि खाली दोन्हीकडे जास्तीत जास्त पसरणारे शब्द हवे होते. त्यावर जी स्पर्धा लागली ती बघायला बाकीचे दोन गटही काम सोडून आले.

"स्त्री," ती मुलगी म्हणाली. कन्नडात त्याच्या खाली एकदम दोन अक्षरं लोंबतात. टाळ्या पडल्या.

"धूर्तांनी," गुरुजी म्हणाले. "खाली दीर्घ ऊकार, वर रफार आणि अनुस्वार."

"मूर्खांनी," पुणेकर त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

"तेही चालेल," गुरुजी त्याच्याकडे बघत म्हणाले.

तपासायला आम्ही 'मूर्खांनी' हा शब्द एका बटणावर टाकला. रफार दिसला, अनुस्वार दिसला, ऊकार पूर्ण दिसला. लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. एवढ्यात खालून निरोप आला की प्रत्येक गटानं काय केलं ते सभागृहात दाखवायचंय, लवकर या.

सभागृह भरलं होतं. पुणेकरानं लॅपटॉप जोडला, मी माईक घेतला. कार्डं वाटणाऱ्या बाईला माईकची सवय नसते. मी पडद्याकडे पाठ करून, समोरच्या अंधाराकडे बघत, इंग्रजीत आणि मधूनमधून कन्नडात सांगत होते: आमची अक्षरं कशी कापली जात होती, आता कशी सुटसुटीत दिसतात, माझ्यामागे पडद्यावर एकेक मात्रा बघा. लोक बघत होते. मग डाव्या कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. मग उजवीकडे. मग दहा-बारा जण, आणि ते सगळे मराठी होते हे मला त्या हसण्यावरूनच कळलं.

मी वळले. तपासायला घेतलेलं बटण होतं 'मागे घ्या'चं. त्याच्या शेजारचं 'पुन्हा करा'चं. त्यामुळे भिंतीएवढ्या पडद्यावर, एकाही मात्रेला धक्का न लागता, लिहिलेलं होतं: मूर्खांनी पुन्हा करा.

माझे कान तापले. अण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले, "अक्का, काय लिहिलंय ते आम्हालाही सांगा की!" काय करणार, मी माईकवरून भाषांतर करून सांगितलं. मग सगळं सभागृह हसलं. मागून कुणी ओरडलं, "हेच आमच्या संस्थेचं ब्रीदवाक्य करा!" पुणेकर लॅपटॉपमागे तोंड लपवून बसला होता. गुरुजी मात्र जागचे उठले, पडद्याजवळ गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "अनुस्वार किती स्पष्ट आलाय बघा." त्यावर ज्या टाळ्या पडल्या तशा त्या दिवशी कुणाला पडल्या नाहीत.

सतरंज्या घड्या घालताना दोघे पुन्हा सुरू झालेच. "काका, मी विचार केला," पुणेकर म्हणाला. "'साठवा'च बरोबर आहे. सोपा शब्द आहे, मुलांना कळेल."

"नाही हो," गुरुजी म्हणाले. "मला 'जतन' पटायला लागलंय. मुलानं लिहिलेलं आहे, जपायला नको?"

आणि आता उलट्या बाजूंनी, सकाळच्याच जोरानं भांडत ते मेट्रोकडे गेले. पुणेकराचं घर के. आर. पुरमच्या दिशेला नव्हतंच, हे मला नंतर समजलं.

काही आठवड्यांनी आमची दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्ये घेतली गेली. तमिळ आणि बंगालीवाल्यांचेही पाय त्यामुळे वाचले, असं त्यांनी कळवलं. आता महिन्यातल्या एका रविवारी आम्ही उरलेले शब्द घेऊन गुरुजींच्या घरी बसतो, कन्नड गटातली ती मुलगीही येते. जेवणाचं टेबल आहे, खुर्च्या आहेत, पण गुरुजींची सून आम्ही यायच्या आधीच खाली चटई अंथरून ठेवते. मागच्या वेळी तिनं विचारलं, "या वेळी कितवा शब्द?" पुणेकर म्हणाला, "वहिनी, घाई काय आहे?" आणि पोह्यांची बशी पुढे ओढून त्यानं लॅपटॉप उघडला.