परमुलखातली समाधी

तापीकाठी एका राजपूत राजाची समाधी पाहिली. बादशहाने त्याला दख्खनच्या मोहिमेवर धाडलं होतं. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी सांगत होत्या, “आई मरायला टेकली म्हणून राजानं घरी जायची परवानगी मागितली. बादशहानं दिली नाही. पुढं राजाही इथंच तापानं गेला.”

माझा मित्र हसला. “कसला राजा? चाकरच की!”

माझं डोकं भडकलं. एवढी फौज बाळगणाऱ्या माणसाला आईच्या उशाशी बसायला दुसऱ्याचा होकार लागावा, यात हसण्यासारखं काय आहे? माझे वडील अत्यवस्थ होते तेव्हा साहेबांनी माझी रजा नाकारली होती. मीही मान खाली घालून फायली चाळत बसलो होतो.

“हसायचं तर मला हस,” मी त्याला सुनावलं. “पण चीड येऊ दे ती ‘नाही’ म्हणणाऱ्याची!”