पालथ्या कढईची दिवाळी

यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी कढई चढणार नाही, असा हुकूम मी सोडला आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. हुकूम सोडायची मला हौसच होती. कचेरीत कारकुनाचं कोणी ऐकत नाही, म्हणून ती मी घरी येऊन भागवायचो.

कारण मात्र खरं होतं. बाबांना साखरेचा आजार. त्यांचा जन्म हातमागावर गेलेला, आणि माग म्हणजे खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावडी दाबत राहायचं काम. त्या पावडीनं उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती पावसाळा सरला तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, "दिवाळी झाली की परत आणा. तोवर साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं, "अंगठा गेला तं पावडी कायनं दाबू गा? नाकानं?"

मी हसलो नाही. ते हसले.

रोज सकाळी तपासणीचं काम माझ्याकडे. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात बाबांच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं, की साखर भरपूर. पण उभा जन्म रंगीत सुतात काढलेल्या माणसापुढे रंग ठरवणं सोपं नसतं. बाबा नळी उजेडात धरून म्हणत, "याले विटकरी म्हनतो? असं विटकरी लुगडं दिलं तं गिऱ्हाईक तोंडावर फेकन. हा नारिंगी हाय. अन् तोही कच्चा."

म्हणून हुकूम. बायकोनं एकदाच विचारलं, "फराळच नाही करायचा? गल्ली काय म्हनन?"

"अंगठा गल्लीचा नाही," मी बाणेदारपणे म्हणालो.

तिनं मुकाट्यानं कढई फळीवर पालथी घातली. तिनं इतक्या लवकर ऐकलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्याकडे ज्या घरात कोणी गेलेलं असतं, त्या घरी त्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारचे लोक तिथे फराळाची ताटं पोचवतात. हे मला चांगलं माहीत होतं. लहानपणी अशी ताटं मीच नेऊन दिलेली. फक्त आपल्या घरातून तळणाचा वास आला नाही, तर गल्ली त्याचा काय अर्थ लावेल, एवढंच डोक्यात आलं नाही.

नरकचतुर्दशीला सकाळीच समोरच्या काकू आल्या. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं ताट, आवाज खोल गेलेला. बाबा अंगठ्याला पट्टी बांधून मागापाशी बसले होते. मी नुकताच न्हाऊन, केस निथळत, बाहेर आलो.

"डोक्यावरून आंघोळ केली, बरं केलं बापा," काकू मला म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "कोन गेलं जी? आमाले सांगतलं बी नाही."

बाबांनी एकदा ताटाकडे पाहिलं. करंज्यांची टोकं झाकणाखालून दिसत होती. मग त्यांनी चेहरा असा काही पाडला, की क्षणभर मलाही वाटलं, कोणीतरी गेलंच.

"खाप्याले दिलेली माही बहीण लय थकली होती वं," ते म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. आत्या थकली होतीच.

"काकू, कोणी गेलं नाही!" मी ओरडलो.

"असंच वाटते सुरुवातीले," काकू माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "धीर धर."

दुपारपर्यंत गल्लीतल्या झाडून साऱ्या घरांतून ताटं आली. दरवर्षी आमच्या घरी जेवढं गोड व्हायचं, त्याच्या कितीतरी पट गोड त्या एका दिवशी घरात शिरलं. मी ताटं कपाटात घालून कुलूप लावलं. त्याआधी पुरावा कमी करावा म्हणून चार अनारसे मी स्वतः खाल्ले. ते काम मी मन लावून केलं. पण बाबा माझे बाप. पाडव्याला सकाळी नळीतलं औषध असं विटकरी झालं, की त्यांनाही घासाघीस करता येईना. मी मागाच्या खड्ड्यात डोकावलो. कुलूप लागण्याआधीच लपवलेल्या करंज्यांचा चुरा तळाशी पडलेला होता.

"लोकायचं मन कसं मोडू?" बाबा म्हणाले. या वेळी मात्र ते हसत नव्हते. त्यांनी पाय हळूच वर घेतला आणि अंगठ्याची पट्टी उगाच सारखी केली.

भाऊबीजेला खाप्याची मोटार आली आणि तिच्यातून आत्या उतरली. गल्लीच्या तोंडाशी सडा घालत असलेल्या काकूंच्या हातातली बादली सुटली.

"काहून वं, भूत पायलं का?" आत्यानं विचारलं.

काकूंनी खरंच तसंच काहीसं उत्तर दिलं असावं, कारण आत्या घरात शिरली ती चप्पल न काढता. "काहून गा, मले मारलं? अन् कायसाठी? करंजीसाठी?"

"मी फक्त थकली म्हनलो," बाबा पुटपुटले.

आत्यानं ओवाळलं, पण रागारागानं. निरांजन बाबांच्या मिशीला लागता लागता राहिलं. बाबांनी रिवाजाप्रमाणे घडी केलेलं लुगडं पुढे केलं. दरवर्षी ते स्वतः तिच्यासाठी विणत. आत्यानं ते हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे नको. मले तुया अंगठा पायजे."

"म्हंजे?"

"बरा झालेला पायजे. ओवाळनीत मांगून राहिली मी. तो जाईन तं पुढच्या सालचं लुगडं कोन विनन? हा कारकून?"

बाबा बराच वेळ लुगड्याची घडी नीट करत बसले. मग मला म्हणाले, "जा रे, कपाट खाली कर." सगळी ताटं उचलून मी गल्लीभर वाटत फिरलो. कोणी गेलेलं नाही हे दारोदार सांगावं लागलं. दोन घरी त्यांना जरा वाईटच वाटलं.

त्यानंतर बाबांनी गोडाला बोट लावलं नाही. नळी आठवड्यात पिवळ्यावर आली, मग हिरव्यावर. हिरव्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, कात्रीचं नाव काढलं नाही. थंडी पडली तशी जखम भरली आणि माग पुन्हा वाजू लागला.

एका संध्याकाळी तो आवाज ऐकत मी बायकोला म्हटलं, "काही म्हण, माझ्या हुकमामुळे शेवटी चांगलंच झालं."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुढच्या दिवाळीले कढई मी चढवीन. चिवडा, शेव, तिखट काही बी करीन, पन चढवीन. नाही तं लोकं पुसतीन कोन गेलं, अन् मामाजी त्या खेपेले तुमचं नाव सांगतीन."