फोटोतली पाठमोरी

माझ्या ताईनं लग्नात नवरा पसंत केला होता. डोंगर आपोआप पदरात पडले. भाऊजी कॅलेंडरांसाठी रानावनातले, कड्याकपारींचे फोटो काढतात. नुसता कडा फोटोत ठेंगणा दिसतो, त्याची उंची कळायला टोकावर एक माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस म्हणजे ताई. लाल जॅकेट घालून, दरीकडे तोंड करून ती उभी राहायची.

आठवडाभर ती घरी मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करायची आणि सुट्टीला भाऊजींबरोबर डोंगरावर जायची. तिला उंचीची विलक्षण भीती. माहेरी तर स्टुलावर चढून ती बल्बसुद्धा बदलत नसे. पण नव्या नवलाईत हो म्हणून बसली आणि पुढे नाही म्हणायची सोय उरली नाही. छपाईवाल्यालाही तो लाल ठिपका असलेलंच चित्र हवं असायचं. नातेवाईक म्हणायचे, नशीबवान आहेस, किती फिरायला मिळतं!

गेल्या वर्षी भाऊजींनी तिला एका चिंचोळ्या कपारीवर उभं केलं आणि स्वतः कॅमेरा घेऊन घळीपलीकडे गेले. तिथून हातानं खुणावत राहिले, अजून थोडी पुढे. ती सरकली. तेवढ्यात खालून धुकं चढलं आणि पुढचं-मागचं काही दिसेना. ताई मटकन खाली बसली, खडकातलं गवत दोन्ही मुठींत घट्ट धरून. पलीकडून हाक आली, उभी राहा, धुकं फाटतंय, असा उजेड परत मिळायचा नाही. तिला उठवेना, ओही देववेना.

वळसा घालून भाऊजी आले, तेव्हा ती तशीच होती. त्यांनी हात पुढे केला. तिनं मुठी सोडल्या नाहीत.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "आजची नाही. पहिल्यापासून."

"फोटोत कधी दिसली नाही ती."

"फोटोत मी पाठमोरी असते."

 भाऊजी तिच्यामागे बसले, तिचं एकेक बोट सोडवलं आणि बसल्या बसल्या सरकत तिला मागे आणलं.

त्यानंतर त्यांनी तिला पुन्हा काठावर उभं केलं नाही. माणूस वाईट नाही. ताईला वाटलं, सुटले एकदाची. पण चित्रात माणूस तर हवाच. आता टोकावर ते स्वतः जातात आणि कॅमेऱ्यामागे ताई असते. एकदा तिनं घरीच थांबून पाहिलं, तर दिवसभरात एक शिलाई सरळ आली नाही. म्हणून जाते.

काठावर ते दिसले की तिला पुन्हा तीच भीती वाटते. फोटो हलला तर ते तिथूनच पुन्हा घे म्हणतात, आणखी तितका वेळ तिथे उभे राहतात. म्हणून श्वास रोखून पहिल्याच खेपेला नेमका फोटो काढायला ती शिकली आहे. छपाईवाला म्हणतो, वहिनींचा हात चांगला बसलाय.