राग काढा, काका

"दाबा काका. राग काढा."

आपली दोन बोटं माझ्या लुळ्या उजव्या हातात ठेवून ती रोज हेच म्हणायची. पक्षाघाताने माझी उजवी बाजू गेली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून ती आमच्या नेहरू नगरच्या घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी मी फणकारलो, तुमच्यावर मी कशाला रागावू?

"मंग पोरावर काढा. हैदराबादले जाऊन बसला हाय न तो?"

माझी बोटं जराशी हलली. त्याच्याच रागाने हलली, खोटं कशाला बोलू!

पोलाद कारखान्यात मी जन्मभर कारकुनी केली. लोकांच्या चुका काढायची सवय. तिच्याही काढल्या. उशिरा येते, स्कूटी फाटकात आडवी लावते, बोलते केवढ्यांदा. ती म्हणायची, तोंडाचा व्यायाम तुमचा रोज होते, तिथं माझी गरज नाही. बायको गेल्यापासून मराठीत मला टोकणारं घरात कोणी उरलं नव्हतं. पोरगा इथल्या हिंदी मुलखात वाढलेला, फोनवरसुद्धा हिंदीत बोलतो. तिचं टोकणं मला गोड लागायचं, पण कबूल कोण करतो?

व्यायाम संपला की ती चहाला बसायची आणि उठायची नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कप रिकामा झाला तरी हातात धरून बसतात. आईवडील गेलेले, भाऊ बंगळुरूला, जवळच्या चरोद्याला ती एकटीच राहायची. निघा आता, अंधार पडला, असं मी म्हटलं की घरी कोण वाट पाहून राहिलं, म्हणायची आणि कप पुन्हा पुढे करायची.

एकदा लक्षात आलं, कप ती दोन्ही तळव्यांत धरते, अंगठे लावतच नाही. विचारलं तर म्हणे भाजी चिरताना लागलं. दोन्ही अंगठ्यांना एकदम? कारकुनाला हे पचेना. खोदून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. वर्षानुवर्षं लोकांच्या पाठी, खांदे दाबून तिच्या अंगठ्यांचे सांधे झिजले होते. डॉक्टरांनी हे काम बंद करायला सांगितलं होतं.

"मग थांबत कावून नाही तुम्ही?" मी विचारलं.

ती कपात पाहत म्हणाली, "काका, दिवसभर कोणाचा न कोणाचा हात माझ्या हातात रायते. काम सोडलं तर मंग कोणाचा हात धरू मी?"

मी माझा कप बाजूला ठेवला. "आण इकडं," मी म्हटलं. अहोजाहो त्या दिवशी सुटलं. तिचा अंगठा माझ्या दुबळ्या बोटांत घेऊन मी दाबू लागलो. माझ्या हातात जोर नव्हता तेच बरं झालं, तिला तेवढाच सोसत होता. थोडं खाली, ती म्हणाली. हं, तिथंच. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पुसत नव्हती.

मग ते रोजचंच झालं. आधी माझा हात, मग चहा, मग तिचे अंगठे. त्यानेच हात सुधारत गेला. तो बरा झाला की तिचं येणं संपणार, हे मला कळत होतं, म्हणून व्यायामात मी तिची बोटं मुद्दाम ढिली दाबू लागलो.

"काका, ढोंग नका करू," ती म्हणाली. मग मान खाली घालून सांगितलं, की ढोंग तिचंही चाललंय. बाकीची घरं तिने कधीच सोडली होती. अंगठे चालत नव्हते. चरोद्याहून ती फक्त माझ्याकडे येत होती.

पुढे भाऊ तिला बंगळुरूला घेऊन गेला. जाताना एक रबरी चेंडू देऊन गेली. अधूनमधून फोन येतो. भाऊ-वहिनी ऑफिसला, ही दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. अंगठ्यांचं विचारलं की ठीक हाय म्हणते.

संध्याकाळी मी फाटकाशी खुर्ची टाकून बसतो, तिची स्कूटी आडवी असायची तिथेच. चेंडू दाबतो. राग काढायला आता पोरगा लागत नाही. तिचाच येतो. हात छान चालतो.