धुऱ्यावरून लढाई

मी चौथी शिकलेला माणूस. पण कोणी मोठ्यानं बोलला म्हणजे तो शहाणा, असं मी आजपर्यंत मानलं नाही आणि आता या वयात मानणारही नाही. हे लिहून राहिलो ते माझ्या जवायाबद्दल आहे. आमच्या केशोरीकडे जवायाला कोणी उलटून बोलत नाही. त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, आधी त्याला वाढायचं आणि तो बोलेल ते ऐकून घ्यायचं. आपली मुलगी त्याच्या घरी असते, म्हणून ऐकायचं.

जवाई गोंदियाला राहतो. कपड्याचं दुकान आहे, पण दुकानात भाऊ बसतो आणि हा मोबाइलवर बोलतो. देशाचं कुठं चुकून राहिलं, कोणत्या पुढाऱ्याला हाकलावं, फौजेनं कुठून घुसावं, हे सगळं तो घरबसल्या सांगतो. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि सगळंच्या सगळं ओरडून. पुष्कळ लोक पाहतात म्हणे.

माझा पोरगा फौजेत आहे. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, सुट्टीवर येणार होता, पण सीमेवर गरमागरमी झाली आणि सुट्टी रद्द झाली. फोन आला तेव्हा त्यानं एकच गोष्ट परत परत सांगितली. "बाबा, मी कुठं आहो ते घराबाहेर जाऊ देऊ नका." मी कोणाला सांगितलं नाही. सुनेनं तर शेजारणीशी बोलणंच कमी केलं. बहिणीनं रडून विचारलं म्हणून त्यानं तिलाही सांगितलं होतं, आणि तिनं नवऱ्याला. नवऱ्यापासून काय लपवणार ती?

रोवणा सरायच्या दिवशी मुलगी आणि जवाई आले. धानाच्या शेताची शेवटची बांधी राहिली होती. बाया वाकून पऱ्ह्याची रोपं लावत होत्या, त्यांच्यात सून होती, आणि मी चिखलात उभा राहून पेंड्या फेकत होतो. जवाई पांढरे बूट घालून बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर चढला. मोबाइल काठीला लावला आणि सुरू झाला.

"देखिए दोस्तों, किसान और जवान एक ही घर में! ये मेरे ससुरजी हैं. और मेरा साला इस वक्त..."

आणि त्यानं जागेचं नाव घेतलं. चौकीचं नाव, बाजूच्या डोंगराचं नाव, काही ठेवलं नाही.

सून ताडकन उभी झाली. हातातली पेंडी हातातच. "भाऊजी, ते काऊन सांगतलं तुमी? मिटवा ते."

"अवो, आता कसं मिटवू? लोकं पाहून राहिले ना. देशाले अभिमान वाटते."

"जवाईबुवा," मी म्हटलं, "पोरानं मनाई केली आहे. काढून टाका."

"मामाजी, तुमाले यातलं समजत नाई. दुश्मनाले सगळं आधीच माहीत असते."

"त्याले माहीत आहे, तं मंग तुमी कायले सांगता?"

बाया हसल्या. ते त्याला लागलं. मोबाइल तसाच चालू ठेवून तो मला म्हणाला, "लढाई एकदा आरपार झालीच पाहिजे."

"तं जा ना. भरती निघते तवा कुठं राहता तुमी? मी म्हणतो, ज्याले लढाई पाहिजे त्यानं आधी बर्फात पहारा द्यावा. मंग मोबाइल धरावा."

"तुमी कुठं गेले होते फौजेत? तरी पानठेल्यावर सरकारले शिव्या देताच ना? तुमच्या हिशोबानं तं तुमीबी मुकं बसाले पाहिजे."

तरुणपणी मी भंडाऱ्याला भरतीला गेलो होतो आणि छाती कमी भरली म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं. पण ते त्याला कशाला सांगू? मी म्हटलं, "मी पोरगा दिला."

"तुमी नाई दिला, मामाजी," सून मागून म्हणाली. "ते आपल्या मनानं गेले. आता ते राहू द्या. आधी तो मोबाइल पाहा."

जवाई तर जवाई, सूनही मलाच बोलली. अंगाची नुसती आग झाली.

आता आमची एक रीत आहे. रोवणा सरते त्या दिवशी धुऱ्यावर जो कोरडा दिसेल त्याला बाया चिखलात ओढतात. मालक असो, पाहुणा असो, साहेब असो. त्याचा राग धरायचा नसतो. त्यात सून म्हणजे त्याच्या साळ्याची बायको, तिचा तर मस्करीचा हक्कच. जवायाला हे ठाऊक होतं, पण बोलण्याच्या भरात तो विसरला.

एक म्हातारी ओरडली, "अवो बायांनो, आपला फौजी अजून कोरडाच आहे ना!"

सुनेनं एक हात धरला, दुसऱ्या बायांनी दुसरा. जवाई गुडघ्यापर्यंत गेला. एक बूट चिखलानं गिळला.

"एक ओळ लावा, भाऊजी," सून म्हणाली. ती हसत नव्हती. "मंग सांगा लढाई."

"मोबाइल! मोबाइल भिजन ना!" तो हात वर करून ओरडला आणि धुऱ्यावर उभ्या बायकोला त्यानं मोबाइल दिला. माझ्या मुलीनं तो पदराला पुसला. मग खाली मान घालून बोटानं काहीतरी दाबत राहिली.

"काय करून राहिली वो?" जवायानं चिखलातूनच विचारलं.

"काढून टाकून राहिली," ती म्हणाली. "माया भाऊ आहे तो."

पुढं कोणी हसलं नाही. जवायानं पाय धुतले नाहीत, जेवला नाही. तसाच चिखलानं भरलेला गाडीवर बसला. मुलगी चिखलातून काढलेले त्याचे बूट मांडीवर घेऊन मागं बसली आणि गेली.

पोळ्याला ती आली नाही. लोक म्हणतात, बोलावणं पाठव, जवायाची समजूत काढ. कायले काढू? रीतीचा राग त्यानं धरला, मी नाही. पण पुरणाची पोळी मीही ताटात तशीच ठेवली, हे खरं आहे.

पोराचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "अशा बोलणाऱ्याइले फौजेत टाकाले पाहिजे का नाई, तूच सांग."

तो हसला. "नको, बाबा. पहाऱ्यावर मुकाट माणूस लागते. हे संग राहिले तं आमाले झोप लागन का?"

"मंग त्याइचं करावं काय?"

"बोलू द्या. फक्त आमची जागा नको सांगा म्हणा."

म्हणजे तिकडे नको, इकडे सहन होत नाही. पोराचं बोलणं मला पटलं नाही. धानाबद्दल, दवाखान्याबद्दल कोणीही बोलावं, मीही बोलतो. त्याला वर्दी लागत नाही. पण दुसऱ्याच्या पोरानं लढावं असं ज्याला ओरडून सांगायचं आहे, त्यानं एक हिवाळा तिथं काढलेला असावा. माझं मत तेच आहे.

मुलगी फोनवर सांगते, नवरा आता मोबाइल तिच्या हाती देत नाही, नाव आलं तरी तिला काढता येणार नाही. म्हणून रोज संध्याकाळी सून जवायाचा व्हिडिओ लावते. पानठेल्यावरचे लोक थोडंसं पाहतात आणि पुढं सरकवतात. आम्हाला तसं जमत नाही. कुठल्या वाक्यात तो जागेचं नाव घेईल याचा भरवसा नाही. त्याचं सगळंच्या सगळं ऐकणारे या जिल्ह्यात आम्ही दोघंच असू.

काल तो परत आरपारवर आला होता. बराच वेळ ओरडून झाल्यावर सून म्हणाली, "आता संपतच आलं, मामाजी. बंद करू का?"

मी म्हटलं, "राहू दे. पूर्ण संपू दे."